खाटेखालची तांबडी

४ फेब्रुवारी

सभा गाजली! मी ठणकावून सांगितलं: कोंबड्यांमध्ये साथ आलीय. एक आजारी पक्षी अख्खं खुराडं गारद करतो, माणसालाही सोडत नाही — तेव्हा सगळे पक्षी नष्ट करायला सरकारी पथकाच्या हवाली करा. हरकत घेणाऱ्या एकेकाला निरुत्तर केलं. घरी आले तर थोरली ताई खुराड्यापाशी बसलेली.

"भाषण करायला तुझं काय जातं गं? दाणे मी टाकते."

५ फेब्रुवारी

पथकानं आमच्या घरापासून सुरुवात करावी, असं मीच सांगितलं होतं. ताईनं एकेकीला काखेत धरून आणून दिलं. पिंजऱ्यातही त्यांची उतरंड कायम — थोरल्या कोंबडीनं चोच मारली की बाकीच्या मागे सरायच्या. अंगणात आता त्यांच्या धूळ-अंघोळीचे खड्डे तेवढे राहिलेत.

७ फेब्रुवारी

ताईच्या खाटेखाली घुमल्यासारखा आवाज. टोपली उचलली — तांबडी! खुडूक होऊन अंड्यांवर बसलेली. पोटाची पिसं उपटलेली, उघड्या कातडीची ऊब अंड्यांना. मला चोच मारली, पण जागची हलली नाही.

"पिल्लं निघू देत, मग ने."

"ताई, हा गुन्हा आहे!"

"मग ओरड की! तुझा आवाज कुठवर जातो, माहितीये सगळ्यांना."

नाही ओरडले. टोपली होती तशी ठेवली.

८ फेब्रुवारी

चौकात पुन्हा बोलले. एकही पक्षी लपवू नका! टाळ्या.

११ फेब्रुवारी

तांबडीनं दाणा सोडलाय. "खुडूक कोंबडी कमीच खाते," ताई म्हणते. पण तुरा निळा पडलाय, मान लोंबतेय. ताई तिला मांडीवर घेऊन थेंब थेंब पाणी पाजत होती. तोंडाला फडकं बांध म्हटलं, तर हसली — "लेकराला असं घेतात का?"

या रोगावर मिळेल ते वाचलंय मी. सगळं! तरी नुसती दारात उभी राहिले.

१२ फेब्रुवारी

गेली. अंडी गार. ताईनं परसात खड्डा खणला. "झालं तुझ्या मनासारखं," म्हणाली, आणि लगेच माझाच हात धरून रडायला लागली.

१६ फेब्रुवारी

ताईला ताप. धाप लागतेय. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोंबडी होती?" मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "छे हो! आमच्या तर सगळ्यांत आधी दिल्या. बहीण भाषणं करते ना माझी!"

डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं.