ओळखणारी दोन माणसं

९ ऑक्टोबर, मंगळवार

फुकट! मतदानाचं ओळखपत्र फुकट मिळतं म्हणे. ते देणारी खिडकी आठवड्यातून एकदाच उघडते, आज तोच वार, तरी उघडली नाही. दारावर साधी चिठ्ठी नाही.

फोटोचं कार्ड नसेल तर मत देऊ देत नाहीत. डोळे अधू झाले, गाडीचं लायसन्स संपलं — म्हणून मी अर्लीथा नाही होय? या गावच्या शाळेत उभा जन्म स्वयंपाक केला मी. इथल्या पोलिसांचा मुख्य, आमचा शेरीफसुद्धा माझ्या हातचा मक्याचा पाव खाऊन वाढलाय.

यंदा त्याच्या विरोधात मत द्यायचंच. माझा पोरगा मार्क्विस त्याच्या कोठडीत मेला. ‘पाय घसरला’ म्हणे! मागच्या खेपेला शेरीफ अगदी थोडक्यात निवडून आला होता.

१६ ऑक्टोबर

ओळखपत्रांची फिरती गाडी चर्चपाशी आली. छापायचं यंत्र बिघडलेलं! आतली पोरगी म्हणते, “आजी, पुढच्या महिन्यात या की.” पुढच्या महिन्यात! गाडी परत येईतो सहा तारखेचं मतदान होऊन जाईल, बाळे.

२१ ऑक्टोबर, रविवार

इझेल जेवायला आला. हा माझा धाकटा भाऊ, दर निवडणुकीला मतदान केंद्रावर कामाला असतो.

“ताई, कशाला जीव काढतेस? केंद्रावर काम करणाऱ्या दोघांनी शपथेवर सांगितलं की हिला ओळखतो, तर कार्डाशिवाय मत देता येतं. अलाबामाचा कायदाच आहे. बाकीचे कामाला नवे आहेत, तुला ओळखत नाहीत, पण मी आहे, वेल्मा आहे.”

“आणि आयत्या वेळी विसरलास तर?”

“तुझ्या हातचा मार विसरेन होय!”

किती दिवसांनी हसले.

२४ ऑक्टोबर

आज शेरीफ आला. स्वतः! टोपी काढून अंगणात उभा.

“मिस अर्लीथा, कार्ड मिळालं का?”

याला कुणी सांगितलं? मी ताठ्यात म्हटलं, “मला ओळखणारी माणसं आहेत.”

“हो, इझेल ना? भला माणूस. त्याचा मुलगाही मोठा झाला की आता.”

एवढंच बोलून गेला. मी तोंड उघडायला नको होतं.

३० ऑक्टोबर

जॅरिलला उचललं. इझेलच्या पोराला! गाडीचा मागचा दिवा लागत नव्हता म्हणून. दिव्यासाठी कोठडी?

इझेल फोन उचलत नाही.

४ नोव्हेंबर, रविवार

इझेल जेवायला आला नाही. मीच गेले. त्याच्या बायकोने दार अर्धंच उघडलं.

“वन्सं, मंगळवारी बरं नाही म्हणून घरीच राहा ना. पोराचा आवाजसुद्धा ऐकू देत नाहीत हो.”

तशीच परतले. पण मार्क्विससाठी मी चार वर्षं या दिवसाची वाट पाहिली आहे.

५ नोव्हेंबर

जाणार. निळ्या झग्याला इस्त्री केली.

६ नोव्हेंबर

वेल्मा लगेच म्हणाली, “ओळखते की!” सहीही केली. मग सगळे इझेलकडे बघायला लागले. त्याने मान वर न करताच विचारलं,

“बाई, तुमचं नाव काय?”

मी सांगितलं.

“मी यांना ओळखत नाही.”

संध्याकाळी जॅरिल घरी आला. स्वतःच्या पायांनी चालत. मला इझेलचा राग यायला हवा. येत नाही. मार्क्विसच्या वेळी असा सौदा मला कुणी देऊ केला असता, तर मीही इझेलला ओळखलं नसतं.