कठड्याच्या आत

प्रिय स्नेहल,

ओवीच्या वाढदिवसाला रविवारी मुलांच्या पार्कमध्ये जायचं तू ठरवलंस. काल फोनवर म्हणालीस, "ताई, तुम्ही याच. तिथल्या खेळण्यांत लहान मुलासोबत मोठं माणूस बसलंच पाहिजे म्हणे. मला गरगरतं, आणि ह्यांची कंबर तुम्हाला माहीतच आहे."

मी लगेच हो म्हटलं.

मागच्या वाढदिवसाला ओवीला ओवाळायला मी निरांजन उचललं होतं. तू सगळ्यांदेखत ते माझ्या हातातून काढून घेतलंस आणि गोड आवाजात म्हणालीस, "ताई, तुम्ही पुऱ्यांकडे बघा." आमचे हे जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नवरा गेलेल्या बाईने लेकराला ओवाळायचं नसतं, हे मला तुझ्या स्वयंपाकघरात पुऱ्या तळताना नीट समजलं.

रविवारी तीच ओवी दिवसभर माझ्या मांडीवर असेल. आगगाडीत, घोड्यावर, फिरत्या कपात. तिला भीती वाटली तर ती माझ्याच गळ्याला मिठी मारेल. तू सगळ्यांच्या पिशव्या घेऊन कठड्याबाहेर उभी असशील. प्रत्येक फेरीला मी तिला सांगेन, "आईला टाटा कर." फेरी संपली की तिच्या कानात विचारेन, "अजून एकदा?"

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचलंस तर चक्कर न येण्याची गोळी घेऊन तूच आत बसशील.

येताना मी डबा आणते आहे. ओवीला उचलून आत जाताना तो तुझ्या हातात देईन आणि तुझ्याच आवाजात म्हणेन, "स्नेहल, तू पुऱ्यांकडे बघ."

तुझी थोरली जाऊ,
वैजयंता