कार्ड घासून परत देण्याबाबत

ती. दादा,

धाकटीचा वाकून नमस्कार. (बराच वेळ वाकलेलीच आहे असं समज.) तुझी तब्येत कशी आहे? मान दुखायची थांबली का? छातीत धडधड वगैरे होत नाही ना? नसेल होत, तरी हे पत्र बसून वाच. फोनच केला असता, पण फोनवर तू "काय?" म्हणून ओरडलास की मी घाबरून "काही नाही" म्हणते, आणि मग ते खोटं ठरतं.

तर, बदलीच्या गावी जाताना तू तुझं ग्राफिक्स कार्ड मला कॉम्प्युटरवर खेळायला दिलं होतंस, ते मी काल धुतलं.

पाण्याने. साबण लावून. हेतू वाईट नव्हता. महिनाअखेरीस तू परत येणार म्हटल्यावर मी ते कॉम्प्युटरमधून काढलं, तर पंख्यांत धूळ नुसती कापसासारखी बसलेली. आपल्या घरात मला शाळेच्याही आधी शिकवलं ते हेच, की दुसऱ्याचं भांडं वापरलं तर घासूनपुसून द्यावं, आणि रिकामं देऊ नये. (कार्ड रिकामं कसं देऊ नये, हे मला अजून सुटलेलं नाही.) कोरड्या फडक्याने निघेना म्हणून ओलं घेतलं, ओल्याने चिकटा निघेना म्हणून दात घासायचा जुना ब्रश आणि भांड्यांचा साबण. लख्ख निघालं हे मात्र खरं. आई सिंकजवळ येऊन म्हणालीसुद्धा, "कढई कधी इतक्या मायेने घासली नाहीस ती!" मग बाबा पेपर हातात घेऊन आले आणि म्हणाले, "याला वीज लागते ना गं?" तेव्हा माझ्या हातातून ब्रश गळाला.

कार्ड आता खिडकीत उन्हात चाळणीवर निथळतंय. लावून बघायची हिंमत नाही. तासातासाने जाऊन नुसती हुंगून येते.

नवं घेऊन भरून द्यावं म्हणून संध्याकाळी दुकानात गेले. (मी अजून औषधांच्या खोक्यांवरची लेबलं तपासायच्याच नोकरीत आहे, पगारही तोच.) दुकानदार म्हणाला, "ताई, सकाळचा भाव सांगू की आत्ताचा?" आत्ताचा ऐकून मी त्याच्याच स्टुलावर बसले. माझे सहा पगार, आणि तेही सहा महिने मी जेवले नाही तर. कार्ड दिसतही नव्हतं. काचेच्या कपाटात नुसतं रिकामं खोकं, त्यालाही कुलूप. म्हणे मोठमोठ्या कंपन्या यंत्रांना विचार करायला शिकवतायत, त्या ट्रकने कार्डं उचलतात, आणि खेळणाऱ्यांनी उरलंसुरलं चाटायचं. आमच्या तिघांच्या टीमचं तर यात कंबरडंच मोडलंय. दाढीवाल्याचं कार्ड जळलं. नवं परवडत नाही, म्हणून तो कार्डाशिवायच, चित्रं इतकी पुसट करून खेळतो की त्याला शत्रू आणि झुडूप सारखंच दिसतं, आणि तो इमानेइतबारे झुडपावर गोळ्या झाडतो. मास्तरीणबाईंनी तर खेळणंच सोडलं. त्या आता कानाला हेडफोन लावून फक्त ओरडतात, "मागे बघ, मागे!" (त्यांना दिसत काहीच नाही. पण मागे कोणीतरी असतंच.) उरले मी, तीही तुझ्या जिवावर.

दादा, एवढं भरून द्यायची भीती आहेच, पण त्याहून मोठी एक आहे. हे कार्ड तू कुणाला हात लावू देत नव्हतास, वहिनीलासुद्धा नाही. आणि मला देताना म्हणालास, "तुझ्याकडे दिलं म्हणजे बँकेत ठेवल्यासारखं." कालपासून मी बँकेच्या दारावरून जाताना मान खाली घालते. उद्या कार्ड दुरुस्तीवाल्याकडे नेते. जे निघेल ते लपवणार नाही. रागवायचं झालं तर पत्रानेच रागाव, म्हणजे मला थोडं थोडं करून वाचता येईल.

तुझी (अजूनही, असं धरून चालते),
धाकटी

ता. क. (दुसऱ्या दिवशी, पत्र टाकायच्या आधी.) दुरुस्तीवाल्याने कार्ड लावलं आणि ते चालतंय! पंखे फिरले, चित्र आलं, मी त्याच्या टेबलावर डोकं टेकून रडले. तो मात्र पाठीवरचं लेबल बघत होता. साबणाने त्याचा कोपरा सुटला होता. त्याने नखाने हलकेच ओढलं, तर महागड्या कार्डाच्या त्या लेबलाखाली दुसरं लेबल, फार जुन्या आणि साध्या कार्डाचं. म्हणाला, "बाई, पाण्याने याला काही झालेलं नाही. जे व्हायचं ते विकत घेतानाच झालं."

ता. क. दुसरा. आता मला कालच्यापेक्षा जास्त भीती वाटते. कार्ड बिघडलं असतं तर चूक माझी होती, ती मला कबूल करता आली असती. हे कसं सांगू? ओळखीत निम्म्या भावाने मिळालं म्हणून तू केवढा खूश होतास! की तुला ठाऊक होतं? ठाऊक असेल तर हा ता. क. मी लिहिलाच नाही असं समज. नसेल, तर वरचं लेबल मी वहीत दाबून ठेवलंय, कुठे फाटलेलं नाही, आणि गोंदही आणलाय. चिकटवू की नको तेवढं लगेच कळव, कारण वहिनी आल्या आल्या विचारणार, "कार्ड नीट आहे ना गं?", आणि माझ्याने खोटं बोलवणार नाही.

ता. क. तिसरा. आणि असलं कार्ड तुला आता घरात नकोच वाटत असेल, तर राहू दे माझ्याकडे. शनिवारी सामना आहे. खेळताना लेबल काही दिसत नाही.