भिंतीखालची टाकी

हिंगोली
शनिवार, दि. ८ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप संतरामकाकांना अंगदचा पाया पडून नमस्कार.

हे पत्र मी संक्रांतीपासून टाळून राहिलो. वही घेऊन बसलो की कोणीतरी हाक मारतं, नाही मारली तर मीच उठून जातो. एकदा अर्धं पान लिहून झालं होतं, ते शेळीनं खाल्लं. खोटं सांगत नाही. पण शेळीनं खाल्लं तर दुसरं लिहिता आलं असतं, ते लिहिलं नाही, हेही खरं.

फोन काहून केला नाही, म्हणाल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, तुम्ही नुसतं ‘हां, हां’ करता. आणि काकूजवळ निरोप द्यावा तर आमच्याकडचा निरोप तिच्या तोंडून तुमच्यापर्यंत किती पोचतो ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून पत्र. चष्मा लावा आणि एकट्यानं वाचा.

इकडं सगळं ठीक. माय गुडघे धरून उठते, पण उठते. मेंढरं आता मोजकीच राहिलीत. बाबा बरे आहेत. मी दसऱ्यापासून घरीच आहे, तुम्हाला नवल वाटेल. त्याआधी बोअरच्या गाडीवर होतो, तेलंगणात. निजामाबादच्या अंगाला हळद आपल्यासारखीच पिकते. शिजणाऱ्या हळदीचा वास आला की वाटायचं वसमतच्या रस्त्याला उभा आहे, आणि तोंड उघडलं की परका. तिथला एक ड्रायव्हर मला रोज विचारायचा, तुझ्या गावात काय आहे? मी म्हणायचो, एक लिंब आहे, अर्धा आमचा आणि अर्धा काकाचा. तो हसायचा. असो, ते सांगायला बसलो नाही.

गल्लीत गटाराचं काम आलंय. कडेची उघडी नाली नव्हे, जमिनीखालून मोठा पाइप. सगळ्या घरांच्या संडासाचं पाणी त्यात सोडायचं, ते गावाबाहेर जाऊन साफ होणार. प्रत्येकाच्या दारात एक चेंबर बांधून देतात. ज्याची जुनी टाकी आहे त्यानं ती उपसून द्यायची, मग हे लोक तिच्या तळाला भोकं पाडतात आणि वरपर्यंत मुरूम भरतात, म्हणजे पुढं कधी खचायला नको. शेजारच्या वसरामची टाकी भरली. हरिचंदची भरली, तिच्यावर त्याच्या बायकोनं झेंडू लावलाय. चांगला आलाय झेंडू.

राहिली दोनच घरं. आमचं आणि तुमचं.

वाटणी झाली तेव्हा मी लहान होतो, पण मला सगळं आठवतं. मेंढरं वाटली, भांडी वाटली, लिंबाच्या फांद्यासुद्धा वाटल्या. अंगणाच्या मधोमध भिंत चढत चालली आणि गवंडी टाकीपाशी येऊन थांबला. ‘हिचं काय करू?’ म्हणाला. तुम्ही बाबांकडं पाहिलं नाही, बाबांनी तुमच्याकडं पाहिलं नाही. शेवटी भिंत टाकीच्या वरूनच गेली. एक झाकण आमच्या अंगणात आलं, एक तुमच्या.

मेंढरांना वाटणी कळली नाही. कितीतरी दिवस तुमची मेंढरं संध्याकाळी आमच्याच दारात येऊन उभी राहायची. तुम्ही यायचे, एकेकीचा कान धरून न्यायचे, आणि तेवढा वेळ बाबा तोंड फिरवून बिडी ओढायचे.

तुमचं दोघांचं बोलणं व्हायचं ते फक्त टाकी उपसायच्या दिवशी. टँकरवाल्या प्रेमदासचा कायदाच होता, आधी दोन्ही झाकणं काढा, आतला वाईट वारा जाऊ द्या, मगच पाइप सोडतो. मग बाबा काठीनं भिंतीवर दोन ठोके मारायचे. तिकडून तुमचा एक ठोका यायचा. दोघं आपापलं झाकण काढायचे आणि नाकाला टॉवेल बांधून भिंतीच्या दोन बाजूंना बसायचे. वारा जाईपर्यंत करणार काय? बोलायचे. मी लिंबावर बसून ऐकायचो. सुरुवात बाबांची असायची.

‘औंदा लोकर बरी निघाली म्हनं तुजी.’

‘काळी बरी निघाली. पांढरीला कोन इचारतं?’

‘अन् ती लंगडी मेंढी?’

‘खूर सडलं तिचं. इकून टाकली.’

‘इकली? येड्या, मोरचूद लावायचा असतो.’

‘मला शिकवू नको.’

‘शिकवून न्हाई राहिलो, सांगून राहिलो.’

प्रेमदास टँकर भरून निघून जायचा, झाकणं लागायची, तरी तुमचं चालूच असायचं. माय आतून ओरडायची, ‘नाकाचे टॉवेल तरी सोडा, वास जाऊन घंटा झाला.’

आता मुख्य गोष्ट लिहितो. काम करून घेणारा मुकादम देविदास म्हणून आहे, वाईट माणूस नाही. तो आमच्या अंगणात आला, भिंत पाहिली, झाकण पाहिलं आणि खुशीत म्हणाला, ‘आता बघा रखमाजीबाबा, तुमचा पाइप येगळा, त्यांचा येगळा. कोनाचं कोनाला काई लागनार न्हाई.’ बाबांनी त्याच्याकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं केलं. दुसऱ्या दिवशी त्यांची खाट झाकणावर आली. बसणं तिथं, जेवण तिथं, झोपही तिथंच. कोणाला झाकणाला हात लावू देत नाहीत.

दारासमोरचा चर तसाच उघडा आहे. लोक फळीवरून ये-जा करून राहिलेत. वसरामची शेळी त्यात पडली, तिला काढताना वसराम पडला. त्याची बायको संगिता रोज आमच्या दारावरून जाताना मोठ्यानं बोलते, ‘मामांनी टाकीत सोन्याचा हंडा पुरलाय का काय, उठनंच न्हाई.’ माय ऐकून घेते. गल्लीला तकलीफ होते हे खोटं नाही.

देविदास काल म्हणाला, ‘सोमवारपर्यंत थांबतो. मंग तुमच्या चुलत्याचं कुलूप पंचासमोर तोडून, टाकी भरून टाकनार. माझ्याबी वर सायब हाय.’

तुम्ही काकूच्या माहेरी डोंगरकड्याला केळी सांभाळायला गेले तेव्हापासून ते कुलूप आहे. पावसानं गंजलंय. मी एकदा तेल सोडलं त्यात.

तुमच्या मनात येईल, रखमाला माझी एवढी गरज आहे तर तो स्वतः काहून निरोप देत नाही. त्यावर मी लिहिणार होतो की बाबा आजकाल कमी बोलतात. ते बराबर होणार नाही. वर ‘बाबा बरे आहेत’ लिहिलं तेही बराबर नव्हतं.

बाबा बोलतच नाहीत, काका. दसऱ्याच्या दिवशी बाहेरून घरी आले, पाणी मागितलं आणि तांब्या हातातून सुटला. लकवा. नांदेडला नेलं, परत आणलं. उजवा हात दुसऱ्या कोणाचा आणून मांडीवर ठेवावा तसा पडलेला असतो. तोंडातून आवाज निघतो, त्याचा शब्द होत नाही. मी म्हणून घरी आहे.

तुम्हाला कळवू नको म्हणून मायनं बजावलं होतं. म्हणाली, ‘आजारी हाय म्हून कीव येऊन कोनी दारात आलं तर त्यांना ते बघवनार न्हाई. संतरामनं यायचं तर भाऊ म्हून यावं.’ हे मी तिच्या माघारी लिहून राहिलो. पुढं ती मला काय म्हणायचं ते म्हणेल.

रोज संध्याकाळी मेंढरं घरी आली की बाबा डाव्या हातानं काठी उचलतात आणि भिंतीवर दोन ठोके मारतात. मग मान कलती करून ऐकत बसतात. तुमचं घर बंद आहे हे त्यांना कळतं. त्यांचं डोकं शाबूत आहे, डॉक्टरनंही सांगितलं. तरी रोज दोन ठोके.

खाट अजून झाकणावर आली नव्हती तेव्हाची गोष्ट. ठोके ऐकून आम्हाला वाटलं टाकी भरली. मी प्रेमदासला बोलावून आणलं. तो आता पार म्हातारा झालाय, टँकर पोराच्या हाती दिला, पण सोबत फिरतो. त्यानं आमचं झाकण सरकवून आत पाहिलं.

‘ही कुठं भरली? ही तर कदीच भरत न्हाई.’

‘म्हंजे?’

‘जवा जवा आलो तवा अर्धीबी नसायची. मी म्हनायचो, रखमाजीभाऊ, अजून दोन सालं काढती ही. तुजा बाप म्हनायचा, तुला पाइप सोडायला बोलावलं का ग्यान शिकवायला?’

बाबा समोरच बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. नंतर बराच वेळ ते काठीचं टोक मातीत फिरवत राहिले.

तेव्हापासून एकच गोष्ट माझ्या डोक्यात घोळते. बाबांचं मला कळलं. पण झाकण तर तुम्हीही काढायचे. तुमच्या बाजूनंही आत दिसत असणार. तुम्ही एकदाही म्हणाले नाहीत की रखमा, टाकी तर रिकामी आहे.

सोमवारी ती भरतील. मुरूम टाकतील, पाणी मारून दाबतील. नव्या पाइपाच्या मी विरोधात नाही. पावसाळ्यात बाहेरचं पाणी टाकीत शिरून घाण अंगणात वर यायची, मायनं किती वर्षं ती राखेनं झाकली. ते थांबेल, चांगलंच आहे. बाबांनाही ते कळतं. मला वाटतं, भरण्याआधी एकदा दोन्ही झाकणं त्यांना उघडलेली बघायची आहेत. आमचं ते एका हातानं काढतील, मी धरीन दुसरीकडून. तुमच्या बाजूला कोण आहे?

म्हणून सोमवारच्या आत या. आमच्या दारात येऊ नका पाहिजे तर, मायच्या हातचा चहाही नका घेऊ. तुमच्या अंगणात तुमच्या जागेवर बसा. तुम्हाला ऐकू येत नाही, त्यांना बोलता येत नाही, म्हणजे भांडणाचीही भीती नाही. वारा जाईपर्यंत बसा फक्त.

इथवर लिहिलं आणि उठावं लागलं. आता पुन्हा बसलोय, घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या.

मेंढरं आत्ताच आली. बाबांनी रोजच्यासारखे दोन ठोके मारले. आणि काका, तिकडून आवाज आला. एक नाही, धाड धाड असे चार-पाच. माय भाकरी थापत होती, तिचा हात तसाच हवेत राहिला. बाबांनी मान कलती केली, नीट ऐकलं, मग माझ्याकडं बघून डोकं हलवलं. हा ठोका तुमचा नव्हता हे त्यांना भिंतीच्या अलीकडून कळलं.

मी लिंबावर चढलो. खाली तुमच्या अंगणात काकू. एकटी. जिनं गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून ही भिंत दोन हात वाढवून घेतली ती आशाकाकू, पदर खोचून, पहार घेऊन तुमच्या झाकणाशी झोंबत होती.

‘माकडासारखा वरून काय बघतो?’ म्हणाली.

‘काकू, तू? काका कुठंय?’

‘केळीत. गोरेगावला बहिनीकडं चालली म्हून सांगून निघाली मी. परवा प्रेमदास टँकर घेऊन आला व्हता आमच्याकडं. त्यानं सांगितलं भाऊजीचं, अन् भिंत ठोकत्यात ते.’

‘मग काकाला घेऊन यायचं ना.’

तिनं पहार खाली ठेवली. ‘भिंत मी घालाय लावली. आता तुमचा भाऊ भिंत ठोकून राहिला, हे त्यांना कोन्त्या तोंडानं सांगू? म्हनलं आपनच जावं, झाकन काढून ठेवावं, भाऊजीला तेवढं तरी दिसंल.’

‘मग?’

‘मंग काय. निघंना.’

मी तिकडं उतरायला पाय टाकला, तेवढ्यात खाली बाबांनी काठी जमिनीवर आपटली. मी खाली आलो तर त्यांनी ती माझ्यासमोर आडवी धरली. नको. मग काठी मांडीवर ठेवली आणि डाव्या हातानं खाटेवर थापटलं, दोनदा. मायला आधी कळलं. तिनं पायथा धरला, मी उशाची बाजू, आणि आम्ही खाट बाबांसकट उचलून लिंबाखाली नेली. माय आता फळी ओलांडून तुमच्या दारातून काकूकडं चहा घेऊन गेली आहे. मी जाऊन बघणार नाही.

काकूला घेऊन आलेली माऊली ड्रायव्हरची जीप चौकात उभी आहे, ती डोंगरकड्याला परत जाते. पत्र त्याच्याजवळ देतो. उद्या सकाळी पहिल्या खेपेला त्याच्या शेजारची जागा तुमच्यासाठी ठेवायला सांगितली आहे.

आमचं झाकण मोकळं केलंय. तुमच्या झाकणाला काकूनंही आता हात लावायचा नाही असं ठरलं आहे. त्याच्याशेजारी तिनं तुमचा जुना पाट मांडून ठेवलाय.

दोन्ही अंगणांतून तुमची वाट बघणारा,
अंगद