तू गोऱ्याला शिकवलंस

बा, मी केळझरला गणपतीच्या पायऱ्यांवर बसलो आहे. नागपूरला निघालो होतो, मधेच उतरलो. माझं असंच असतं, तुला माहीत आहे. शेजारी एक जण चणे विकून राह्यला आणि त्याचं माप भलतंच उथळ आहे, पण ते जाऊ दे. समोरच्या शेतात एक बाप पोराच्या हातावर हात ठेवून त्याला वखर धरायला शिकवतो आहे. ते बघितलं आणि तो गोरा आठवला. जपानशी लढाई संपून दहा-अकरा वर्षं झाली, तुला जाऊनही जवळपास तितकीच, पण त्याच्यावरची माझी जळजळ काही गेली नाही.

गोऱ्यांची रणगाड्यांची पलटण सरावाला आपल्या शिवारात उतरली होती. अर्धे रणगाडे लाल झेंड्याचे, अर्धे निळ्या, आणि दिवसभर एकमेकांचा पाठलाग. गाव त्याला खोटी लढाई म्हणे. माय बांधावरून ओरडली होती, "लढाई खोटी हाय, तं आमची खरी कपाशी काऊन तुडवून राह्यले रे?" पाऊस नुकताच सरलेला. काळी कन्हार जमीन वरून सुकलेली दिसायची, आत नुसतं लोणी. रणगाडे त्यात रुतायचे. म्हणून कप्तानानं वाट दाखवायला तुला घेतलं. गावातल्या साऱ्या शेतांत तू वखर हाकलेला. अनवाणी चालायचास, टाच आपटायचास, ऐकायचास, आणि सांगायचास, इथं मुरूम, इथं कन्हार. मी किती वेळा म्हटलं, मले शिकव. "तुह्या पायाले भिंगरी हाय," तू म्हणायचास, "एका जागी थांबशीन तवा ऐकू येईन."

आणि त्याला? तो लाल झेंड्याचा रणगाडा चालवणारा, माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठा, नाकावर तीळच तीळ. तू त्याला बूट काढायला लावलेस. त्याचा पांढराफटक पाय हातात घेऊन टाच जमिनीवर आपटलीस. "ऐक. ठक वाजलं तं जाय. डब वाजलं तं नोको जाऊ." त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, नुसता हसत होता. पण तिसऱ्या खेपेला त्यानं बरोबर मुरमाकडे बोट दाखवलं. "लवकर शिकला पोट्टा," तू म्हणालास. मी मागे बैलांचे कासरे धरून उभा. माझ्याबद्दल असं कधी म्हणाला होतास का?

चार दिवसांनी तू निळ्या झेंड्याबरोबर पुढे गेला होतास. त्या गोऱ्याचा रणगाडा आपल्या बांधापाशी येऊन थांबतो. गोरा वरून डोकं काढतो, मला बघून हसतो, हातानंच विचारतो: डावीकडून की उजवीकडून? डावीकडे मुरूम. मी उजवीकडे बोट दाखवतो. तो उतरतो, बुटाच्या नाडीला हात घालतो, मग माझ्याकडे बघून थांबतो. तुझा पोरगा सांगतो आहे, मग बूट कशाला काढायचे, असं त्याला वाटलं असणार. रणगाडा पोटापर्यंत गेला, बा. दोन रणगाड्यांनी साखळ्या लावून ओढला तेव्हा निघाला. कप्तान त्याला सगळ्यांसमोर झाडत होता.

संध्याकाळी तू मला एकच विचारलंस, "त्यानं बूट काढले होते का?"

"नाई," मी म्हणालो. ते काही खोटं नव्हतं.

"इतकं शिकवलं," तू म्हणालास आणि ताटावरून उठलास. मी मात्र पोटभर जेवलो. वाटलं, आता माझी पाळी.

पलटण निघायच्या दिवशी तो आपल्या अंगणात आला, बूट हातात, पाय उघडे. तू ओसरीवर बसला होतास. त्याला पाहिलंस आणि भिंतीकडे तोंड केलंस. तो बराच वेळ उभा राहिला. मी एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. तो गेला, ब्रह्मदेशाकडे म्हणे, पुढचं कोणालाच माहीत नाही.

मला तू नंतरही शिकवलं नाहीस.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून लिहून टाकतो. उजवीकडे बोट मी दाखवलं होतं. पण सलतं ते वेगळंच आहे. मी शाळा सोडली, घर सोडून पळालो, दोनदा बैल हरवले, तू कधी माझ्याकडे पाठ करून बसला नाहीस. "त्याचं तसंच हाय," म्हणायचास आणि चिलीम भरायचास. भिंतीकडे तोंड करावं इतकी आशा तू त्याच्याकडून चार दिवसांत धरलीस. बा, त्या रुसव्याचासुद्धा मला हेवा वाटतो.