घासलेले बिल्ले

ता. ९ ऑक्टोबर

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहून पत्र सुरू करायची रीत आहे, म्हणून तेवढं लिहून टाकलं. जावईबापूंना नमस्कार सांग, घेतील तर. बाळाला पापा. एव्हाना दात आले असतील.

तू फोन उचलत नाहीस याबद्दल तक्रार नाही. फोनवर मी दोन वाक्यांत भांडणावर येतो, हे तुझ्याइतकंच मलाही ठाऊक आहे. कागदावर निदान मधे कुणी बोलत नाही.

बातमी म्हणशील तर चौकातल्या सेनापतींवर ताडपत्री पडली. अर्धं शहर म्हणतं पुतळा हलवा, अर्धं म्हणतं हात तर लावून बघा. नगरपालिकेने धड ना इकडे ना तिकडे असा मार्ग काढला आणि त्यांना गुंडाळून दोरीने बांधून टाकलं. आता वारा सुटला की सेनापती फडफडतात. कबुतरांची तेवढी पंचाईत झाली. वरच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यात हटकून विचारतात, "काय, तुमच्या साहेबांना कुठे न्यायचं ठरलं?"

दुसरी बातमी म्हणजे भिंतीवरच्या चौकटीतले माझे बिल्ले गेले. चोरीला नाही, घरातच आहेत. पण गेले.

तुला सगळं पाठ आहे, तरी लिहितो. वेढ्याच्या दिवसांत शहरातली सुटी नाणी संपली, तेव्हा सेनापतींनी दारांच्या मुठी, नळाच्या तोट्या, फुटकी भांडी वितळवून बिल्ले पाडले. एका बाजूला स्वतःचा चेहरा, दुसऱ्या बाजूला पाव. बिल्ला द्यायचा, पाव घ्यायचा. तुझी आजी त्या पावावर जगली, म्हणून मी आहे आणि तूही आहेस. आणि त्याच सेनापतींनी पूल बंद केला. नदीच्या पलीकडच्या काठावर बिल्ले वाटलेच नाहीत, मग पाव कुठला? जावईबापूंचे आजोबा पुलाच्या फाटकाशी भुकेने मेले. हे मी कधी नाकारलं नव्हतं, ठमे. मी एवढंच म्हणत होतो की माझ्या आईच्या तोंडचा घास खोटा नव्हता. तू म्हणालीस, "तो चेहरा भिंतीवर आहे तोवर माझं बाळ या घरात रांगणार नाही." मी म्हणालो, "मग नको रांगू दे." माझं मत आजही बदललेलं नाही. भिंत मात्र रिकामी आहे.

ते तुझ्या आईने केलं.

आम्हा जुने बिल्ले जमवणाऱ्यांत एक नियम पक्का. बिल्ला कधी घासायचा नाही. वरचा काळपटपणा हेच त्याचं वय. फुंकर मारायची, मऊ फडक्यात धरायचा, बस्स. आईला ते कधीच पटलं नाही. "एवढी मळकी वस्तू काचेत कशाला ठेवायची?" म्हणून मला चिडवायची. गेल्या आठवड्यात दुपारी मी तिची औषधं घेऊन घरी आलो, तर स्वयंपाकघरात काचेची चौकट उघडी, बिल्ले ओट्यावर पसरलेले आणि आई पॉलिशपेपर घेऊन बसलेली. तो धातू नरम, शिसं मिसळलेला. चार हात मारले की नाक जातं, आणखी चार मारले की माणूस जातो.

मी ओरडायला तोंड उघडलं. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, बरं झालं आलात. जरा हातभार लावा. माझी मुलगी यायचीय रविवारी. हा माणूस दिसला तर पोर दारातूनच परत जाईल. आमचे हे बाहेर गेलेत, ते यायच्या आत उरकायला हवं. त्यांचा फार जीव आहे हो यांच्यावर."

लग्न झाल्यापासून जिने 'अहो'शिवाय हाक मारली नाही, तिने मला भाऊ म्हटलं.

तिचं विसरणं तुला माहीत आहे. डबे, किल्ल्या, गॅस, एवढंच मी कळवत आलो. हे कळवलं नाही. उन्हाळ्यापासून मी तिला अधूनमधून परका असतो. कधी दुरुस्तीवाला, कधी शेजारी. सकाळी ओळखते आणि दुपारी मलाच आग्रह करते, "आलाच आहात तर जेवूनच जा."

दुकान विकलं तेव्हा घड्याळाची थोडी हत्यारं ठेवून घेतली होती. त्यातली बारीक काणस आणली आणि तिच्या शेजारी बसलो. दुसरं काय करणार होतो? तिची बोटं सोलवटली होती. मी बिल्ला उलटा केला की माझा हात धरायची. "पावाला नका लावू हं. तेवढा राहू द्या, त्यांच्या आईचा आहे तो." आम्ही दोघांनी मिळून सगळे चेहरे काढले. मला रडू आवरेना. तिने पदराने माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "भाऊ, कचरा गेला का डोळ्यात?"

परवा भिंग लावून बिल्ले पारखणारे माझे ते मित्र आले. बाजारात माझ्याशी एकेका बिल्ल्यासाठी भांडणारा माणूस तो. ओट्यावरचा प्रकार बघून खुर्चीत बसले, माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "कधी झालं हे?" मी म्हटलं, उन्हाळ्यापासून. त्यांना काही कळलं नाही. चहा घेऊन गेले.

तुझा फोटो ती अजून ओळखते. मला दाखवते आणि सांगते, "ही आमची ठमी. हट्टी आहे, बापावर गेलीय." रविवार आला की दाराशी खुर्ची टाकून बसते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही ओळख किती टिकेल सांगता येत नाही. ज्यांना भेटायचंय त्यांनी उशीर करू नये." मला तर ती दुपारी हरवते आणि संध्याकाळी कधी सापडते, कधी नाही. तुलाही ती तशी हरवण्याआधी ये. जावईबापूंना आण, बाळाला आण. सेनापतींवरून वाद घालायचाच असेल तर जिन्यात घालू. पण आधी तिच्याजवळ बस.

एक सांभाळ. दार मी उघडेन, पण तिच्यासमोर मला एकदम बाबा म्हणू नकोस. आपली लेक परक्या माणसाला बाबा का म्हणतेय, म्हणून ती भांबावेल. काका म्हण. मला चालेल.

इथे मात्र एकदा लिहून घेतो,

तुझे बाबा