ढोलकीवाचून झालेल्या विजयाचं वर्तमान

चि. अश्वजितास,

भाऊजींचा सप्रेम जयभीम. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, आणि तुझ्यावाचून मजेत आहोत, हे आधी लिहून टाकतो. तुझी तब्येत कशी आहे? कोरपन्याच्या कार्यक्रमात भर मंचावर मी ‘जरा हळू वाजव’ एवढंच म्हणालो, तर तू ढोलकी खांद्याला लावून तडक बल्लारपूरला निघून गेलास. खांदा दुखला नसेल अशी आशा आहे. (दुखला असल्यास तुझ्या बाईला, म्हणजे आमच्या हिला, कळवू नकोस. भावाचं काही दुखलं की माझ्या भाजीतलं मीठ जातं.)

पत्राचं कारण आनंदाचं आहे. येत्या रविवारी आलापल्लीला गीतगायनाची स्पर्धा आहे, आणि ढोलकीवाला गेला म्हणजे लहानूची गाण्याची पार्टी बसली, असं गावभर झालं होतं. मी बसणारा माणूस नव्हे. ऑर्केस्ट्रावाल्या आदेशकडून तालाचं मशीन एका दिवसापुरतं मागून आणलं. बटण दाबलं की ढोलकी, टाळ, घुंगरू सगळं वाजतं. चहा मागत नाही, रुसत तर मुळीच नाही. फक्त रविवारी आदेशला ते लग्नात लागणार. म्हणून त्यातला ताल कम्प्युटरमध्ये उतरवायचा आणि पेन ड्राइव्हवर घालून न्यायचा, असा माझा बेत.

कम्प्युटर तुझ्या बाईचाच, ऑनलाइन अर्जांच्या दुकानातला. आधी मशीन टेबलावर ठेवून माइकसमोर वाजवलं. मग ऐकतो तर तालाच्या मध्येच कुणीतरी, "बाई, उत्पन्नाचा दाखला निंघते का?" आणि तुझी बाई, "सर्वर बंद हाय!" तेही अगदी समेवर. (सम तुमच्या घराण्यातच आहे, पण मला वाटतं ती तुझ्यापर्यंत यायच्या आधीच वाटली गेली.) मग वायर आणली आणि मशीनमधून थेट कम्प्युटरच्या गुलाबी भोकात घातली. आवाज असा फाटला की शेजारचा कोलू विचारायला आला, सोयाबीनचं थ्रेशर घरात काऊन लावलं? वैतागून वायर उपटली, बाजूच्या निळ्या भोकात खुपसली, मशीनचा आवाज अर्ध्यावर आणला, आणि काय सांगू! थाप न् थाप निवडलेल्या तांदळासारखी स्वच्छ. तुझी बाई याला नशीब म्हणते, मी विद्या म्हणतो. आनंदाच्या भरात कोलूलाही चहा पाजला.

संध्याकाळी तालीम ठेवली. बायनाबाई, आपल्या पार्टीचा मुख्य आवाज, पदर खोचून उभ्या राहिल्या. ताल सुरू झाला आणि सुरूच राहिला. कोणी गाईना! मी पेटीवर सूर धरून मान हलवली, डोळे वटारले; सगळे एकमेकांची तोंडं पाहत उभे. शेवटी बायनाबाई माझ्यावरच उखडल्या, "उचलाव कुठी रे लहानू? हा तं बोलतच नाई!" तेव्हा उलगडा झाला. थाप मारता मारता तू जे ‘उचला रे!’ ओरडतोस (आणि ज्याला मी कायम नावं ठेवली), त्याच्यावरच आजवर सगळी पार्टी कडवं उचलत आली आहे. मी स्वतः ओरडून पाहिलं. बायनाबाई दचकल्या आणि त्यांना खोकला लागला. पण यात मशीनचा काही दोष नाही. ताल कम्प्युटरमध्ये उतरला तो उतरलाच, आणि विजय तो विजयच.

तुझा भाऊजी,
लहानू

ता. क. : नुसतं ‘उचला रे’ मोबाइलवर बोलून पाठव. मी ते तालात बसवून घेतो. राग तुझ्याजवळच राहू दे, तो पाठवायची गरज नाही.

दुसरा ता. क. : पाठवू नको. तुझी बाई म्हणते, बायनाबाईंचा दम दरवेळी निराळ्या जागी संपतो, आणि तू त्यांच्याकडे पाहून ओरडतोस. पेन ड्राइव्हला बायनाबाई दिसत नाहीत. तेव्हा रविवारी स्वतःच ये. वाजवायचं काम नाही, बाजूला उभा राहून ओरड फक्त.

तिसरा ता. क. : येताना ढोलकी आण. मंचावर रिकाम्या हातांनी उभा असलेला माणूस बरा दिसत नाही. आणि हळू वाजवू नको.